जहाजावर ड्रोन नेला, त्याची गोष्ट



जानेवारीत आमच्या गटातल्या बायका क्रूझवर जाऊन आल्या, हे एव्हाना तालुक्यातल्या बहुतेक गटांना कळलं आहे. त्यामुळे आम्ही कुठल्याही बैठकीला गेलो की पहिली फर्माईश होते, "ताई, तो वरून काढलेला व्हिडिओ दाखवा ना." आम्ही आठजणी एकसारख्या साड्या नेसून जहाजाच्या डेकवर उभ्या आहोत, चारी बाजूंना समुद्र आहे आणि वरून ड्रोन आमचं चित्रीकरण करतो आहे, असा तो व्हिडिओ. जायच्या आधी आम्हीच तो सगळीकडे सांगून ठेवला होता. तर आज रेडिओवरून सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. तो व्हिडिओ नाही. तो काढलाच नाही. का नाही काढला आणि त्यातून आम्ही काय शिकलो, तेच आज सांगायचं आहे. यात चूक कोणाची, तेही सांगणार आहोत. ती आमचीच आहे.

आधी सहलीबद्दल थोडं. आमच्या गटाने पाच वर्षांपूर्वी ठरवलं की बचत वेगळी आणि सहलीचे पैसे वेगळे. दरमहा 400 रुपये प्रत्येकीने सहल निधीत टाकायचे. साठ महिन्यांत प्रत्येकीचे 24 हजार झाले. मग प्रश्न आला, कुठे जायचं? कोणी काशी म्हणालं, कोणी अष्टविनायक. आमच्या सर्वांत वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, "माका बोटीत बसाचा हा." लहानपणी त्या आईबरोबर मुंबईहून मालवणला बोटीने आल्या होत्या. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, रात्रभर डेकवर पथारी पसरून झोपायचं आणि मालवणला बोट खोल पाण्यात थांबली की होडीत उतरून किनारा गाठायचा. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, पण त्याच्या आधीच ती बोट बंद पडली होती. काकींच्या मनातून मात्र ती गेली नव्हती. म्हणून मुंबई ते गोवा आणि परत मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ ठरली.

आता आमच्या सिंधुदुर्गातून गोवा दोन तासांवर. आम्ही कुडाळहून कोकणकन्या पकडून मुंबईला गेलो, तिथून जहाजात बसून गोव्याला आलो आणि परत मुंबईला गेलो. घरची माणसं हसली. हसू देत. पाच वर्षं पैसे आम्ही साठवले होते.

आता ड्रोनची गोष्ट. आमच्या एका सभासदाची सून फोटो-व्हिडिओचं काम करते. लग्नं, बारशी, दशावताराचे प्रयोग आणि आता घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या जाहिराती. दीड वर्षापूर्वी तिने गटाकडे 45 हजारांचं कर्ज मागितलं, जुना ड्रोन घ्यायला. त्या बैठकीत दोन तास वाद झाला. म्हैस, शिलाई मशीन, काजू प्रक्रिया यांना आपण कर्ज देतो, पण हे उडणारं खेळणं? उद्या माडाला आपटून पडलं तर वसुली कोणाकडून? शेवटी सासूच जामीन राहिली आणि कर्ज मंजूर झालं. 18 हप्ते, दरमहा 2,500 मुद्दल आणि वर व्याज. कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरकडून तिने तो बिलासकट घेतला आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करून घेतली. तळहाताएवढा, 250 ग्रॅमच्या आतला. एकही हप्ता तिने चुकवला नव्हता. जानेवारीत 11 हप्ते, म्हणजे 27,500 रुपये बाकी होते.

सहलीला जागा होती म्हणून तीही आमच्याबरोबर निघाली आणि साहजिकच ड्रोनही निघाला. कल्पना आमचीच. तिने विचारलंसुद्धा होतं, "ताई, जहाजावर चालतो ना?" आम्ही म्हणालो, "न चालायला काय झालं? एवढासा तर आहे." तिकीट काढल्यावर कंपनीकडून आमच्या फोनवर अटींची लांबलचक पत्रकं आली होती, सगळी इंग्रजीत. गटात बी.ए. झालेल्या आम्ही, म्हणून ती वाचायची जबाबदारी आमची. आम्ही वेळ, तारीख, ओळखपत्र कुठलं लागतं एवढं पाहिलं आणि बाकीचं नंतर वाचू म्हणून ठेवून दिलं. ते नंतर कधी आलंच नाही.

मुंबईला बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर आमच्या पिशव्या यंत्रातून गेल्या. दोन पिशव्या बाजूला काढल्या गेल्या. एक काकींची, एक सुनेची. काकींच्या पिशवीत उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी होती, सकाळची देवपूजा चुकायला नको म्हणून. सुनेच्या पिशवीत ड्रोन. उदबत्ती आणि ड्रोन एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. तिथला कर्मचारी सभ्यपणे म्हणाला, "ड्रोन जहाजावर नेता येणार नाही. आम्ही जमा करून घेऊ, पावती देऊ. परत आल्यावर घेऊन जा."

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर आम्ही भांडलो. आमच्यातली एक म्हणाली, "आमी गावच्यो म्हणान अडवतत." दुसरी म्हणाली, "हे कर्जाचं आहे, हरवलं तर कोण भरून देणार?" आम्हीसुद्धा आवाज चढवला, "हे आधी का नाही सांगितलं?" त्या मुलाने शांतपणे फोनवर तेच पत्रक उघडून दाखवलं, जे आमच्या फोनवर महिनाभर पडून होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका कुटुंबाच्या बॅगेतून आमच्या ड्रोनच्या चौपट मोठा ड्रोन निघाला. तोही टेबलावर गेला, त्यांनाही पावती मिळाली. गावचे-शहरचे असं काही नव्हतं. मग आमचा आवाज खाली आला.

सुनेने पावती घेतली, तीनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही तिच्याकडे पाहू शकलो नाही.

जहाज संध्याकाळी निघालं. निघण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करायला लावतात. भोंगा वाजला की कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, ते सगळं दाखवतात. तिथे एक मुलगा आमचं बोलणं ऐकून जवळ आला. वेंगुर्ल्याकडचा निघाला. आपल्याकडची कितीतरी मुलं जहाजांवर कामाला आहेत, तुमच्यापैकी अनेकींच्या घरातलीही असतील. त्याला आम्ही विचारलं, "बाबा, एवढ्याशा ड्रोनची एवढ्या मोठ्या जहाजाला भीती कसली?" त्याने दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळात जे समजावलं, ते आम्ही वहीत लिहून घेतलं. तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट परतीची. ड्रोन जिथून उडतो ती जागा तो उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवतो. बॅटरी संपत आली किंवा हातातल्या रिमोटशी संपर्क तुटला की तो आपोआप त्या जागी परत येतो. गावात हे फार सोयीचं. अंगणातून उडवला, अंगणात परत आला. पण जहाज चालू असतं. 18 नॉट वेगाने जहाज जात असेल तर तासाला 33 किलोमीटर होतात. म्हणजे दहा मिनिटांत जहाज साडेपाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ड्रोन इमानदारीने आपल्या उडालेल्या जागी परत येतो, आणि तिथे खाली फक्त पाणी असतं.

हे ऐकून काकी म्हणाल्या, "म्हणजे उडतलो खरो, पण येतलो खय? जहाज काय थांबान रवतला त्याच्यासाठी?" वेंगुर्ल्याचा मुलगा म्हणाला, "काकी, तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ड्रोन हवेत एका जागी थांबवला तर तो समुद्राच्या त्या ठिकाणावर थांबतो, जहाजावर नाही. जहाज त्याच्या खालून निघून जातं, किंवा जहाजाचा मागचा भाग, धुराडं, डोलकाठी त्याच्यावर येऊन आदळते. जहाजाबरोबर राहायचं तर त्याला सारखं 33 च्या वेगाने उडत राहावं लागतं, वर समोरचा वारा. पाव किलोपेक्षा हलका ड्रोन. जहाजाला टेकून वारा कसा उलटसुलट वळतो ते तर डेकवर उभं राहिल्यावर पदरच सांगत होता.

तिसरी गोष्ट लोखंडाची. ड्रोनमध्ये होकायंत्र असतं. जहाज म्हणजे पोलादाचा डोंगर. त्याच्याजवळ होकायंत्र चुकतं. शिवाय जहाजावर रडार आणि रेडिओचे अँटेना असतात, त्यांनी रिमोटच्या लहरींमध्ये अडथळा येऊ शकतो. उतरतानाही गोंधळ होतो. ड्रोनच्या पोटाखाली जमिनीचं अंतर मोजणारे डोळे असतात. हलणाऱ्या, चमकणाऱ्या पाण्यावर ते फसतात.

चौथी गोष्ट माणसांची. डेकवर शेकडो माणसं असतात, लहान मुलं असतात. वरून पडलेला 250 ग्रॅमचा तुकडा डोक्यात बसला, फिरतं पातं डोळ्याला लागलं तर? समुद्रात डॉक्टर जहाजावरचाच, मोठं रुग्णालय नाही. आणि पाचवी गोष्ट आगीची. ड्रोनची बॅटरी लिथियमची असते. ती पडली, चेपली, फुगली तर पेट घेऊ शकते, आणि ती आग सहज विझत नाही. गावात आग लागली तर शेजार धावून येतो, अग्निशमनची गाडी येते. समुद्रात कोण येणार? म्हणून तर काकींची उदबत्ती आणि काडेपेटी काढून घेतली. मेणबत्ती, इस्त्री, पाणी तापवायची किटली, हेसुद्धा बहुतेक जहाजांवर चालत नाही. त्या टेबलावर उदबत्ती आणि ड्रोन शेजारी का होते, ते आम्हाला तेव्हा कळलं.

सून हे सगळं ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, मी चालत्या गाडीवरूनसुद्धा कधी उडवलेला नाही. मी उडवला असता ना, तर गेलाच असता." ड्रोन गेला असता, 27,500 ची बाकी तशीच राहिली असती, पुढची लग्नसराई हातची गेली असती आणि जामीन राहिलेल्या सासूला बैठकीत मान खाली घालून बसावं लागलं असतं. ज्या कर्मचाऱ्यावर आम्ही आवाज चढवला होता, त्याने खरं तर आमच्या गटाचं कर्ज वाचवलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही वरच्या डेकवर बसलो होतो. जहाजावर पोहण्याचा तलाव असतो. तिथे पोहण्याच्या कपड्यांत बायका होत्या, मुली होत्या, नवीन लग्न झालेली जोडपी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळे आपापल्या नादात. काकी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "व्हाळार आपण काय बोललव, आठवता?"

आम्हाला लगेच आठवलं. तुमच्यातल्या काहीजणींना ती हकिगत माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या बायका व्हाळावर कपडे धूत होत्या, काहीजणी अंघोळ करत होत्या. डोक्यावर भुंगा घोंगावल्यासारखा आवाज आला. वर ड्रोन. पाच मिनिटं तो तिथेच घिरट्या घालत राहिला. बायका ओल्या कपड्यांनिशी झाडाखाली पळाल्या. नंतर कळलं, जवळ उतरलेल्या पर्यटकांपैकी कोणीतरी निसर्ग टिपत होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या मनात वाईट नव्हतं. नसेलही. पण आमच्या एका सभासदाने पुढे महिनाभर व्हाळावर पाऊल ठेवलं नाही. आपण ओलेत्या कोणाच्या फोनमध्ये आहोत, हे तिला कधीच कळणार नव्हतं. आम्ही ग्रामसभेत विषय मांडला, ठराव करून घेतला आणि व्हाळाजवळ फलक लावला: विचारल्याशिवाय चित्रीकरण करू नये. त्या ग्रामसभेत सगळ्यांत मोठ्याने बोललेल्या बायका त्या रात्री डेकवर बसल्या होत्या. त्याच बायका ड्रोन उडवता आला नाही म्हणून आदल्या दिवशी भांडल्या होत्या.

काकी पुढे म्हणाल्या, "ह्या बायकांका आपण विचारतलव होतव काय?" नव्हतो विचारणार. आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आमच्या व्हिडिओत आम्ही आठजणी आणि मागे समुद्र, एवढंच आमच्या डोळ्यांसमोर होतं. पण ड्रोनच्या डोळ्यांसमोर सगळा डेक आला असता. आमच्याही मनात वाईट नव्हतं. व्हाळावर उडवणाऱ्याच्या मनातही नव्हतं.

मैत्रिणींनो, त्या दोन रात्रींतली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला वाटते. आपल्याला न विचारता कोणी आपलं चित्र घेतलं तर आपण चिडतो, आणि ते योग्यच आहे. अंघोळ करणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रीकरण करणं हा तर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. हे आपण गटात शिकलो, इतरांना शिकवलं. पण यंत्र आपल्या हातात आलं की आपणही तेच विसरू शकतो, हे आम्ही शिकलो नव्हतो.

आता ज्यांच्या घरात ड्रोन आहे, ज्यांची मुलं-सुना असं काम करतात किंवा ज्या पुढे सहलीला जाणार आहेत, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. सावकाश सांगतो, हवं तर वहीत लिहून घ्या.

जहाजाची सहल असेल तर तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. काही कंपन्या ड्रोन आणूच देत नाहीत. काही जमा करून ठेवतात आणि परतताना देतात. काही सामानात ठेवू देतात, पण जहाजावरून उडवायला मात्र मनाई करतात. तोंडी "चालेल हो" यावर विसंबू नका, लेखी घ्या. फोनवरचा लेखी निरोपही चालेल. ड्रोन जमा करावा लागला तर पावती घ्या आणि पावतीवर बॅटऱ्या किती, रिमोट आहे का, हे सगळं लिहून घ्या. विमानाने जाणार असाल तर जादा लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकायच्या नसतात, हातातल्या पिशवीत ठेवायच्या.

जहाजातून उतरल्यावर किनाऱ्यावर उडवू, असंही अनेकांना वाटतं. थांबा. आपल्या देशात 2021 चे ड्रोन नियम आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर देशाचा नकाशा आहे, हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत उडवता येतं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. बंदरं, नौदलाची ठाणी, विमानतळ यांच्या आसपास आधी नकाशा उघडायचा. मुंबईत नौदल आहे, आणि पोलीस वेळोवेळी मनाई आदेशही काढतात. गोव्यात जहाज मुरगावला लागतं आणि शेजारीच दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आहे. म्हणजे ड्रोन आमच्या हातात असता तरी आम्ही दोन्हीकडे उडवू शकलो नसतो. आपल्याकडेही चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन काढू नये. सिंधुदुर्ग किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूंवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नियम मोडले तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख म्हणजे आमच्या सुनेच्या ड्रोनच्या दुपटीहून जास्त.

ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात. तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण प्रमाणपत्र लागत नाही म्हणजे कुठेही उडवा, असा अर्थ नाही. लाल भाग त्यालाही लालच.

आणि ज्यांची मुलं जहाजांवर किंवा आखातात आहेत, त्यांनी हे जरूर ऐका. येताना ड्रोन घेऊन ये, तिकडे स्वस्त मिळतो, असं मुलांना सांगू नका. फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला आपल्या देशात बंदी आहे. कस्टमवर अडकेल, पैसे जातील, शिवाय मुलाला मनस्ताप. आपला ड्रोन परदेशी नेतानाही तोच विचार. मोरोक्को, इजिप्त अशा देशांत परवानगीशिवाय ड्रोन आत नेता येत नाही. जहाज एका सहलीत तीन देशांत लागलं तर तीन देशांचे तीन कायदे.

एक गोष्ट मधेच स्पष्ट करतो, कारण बैठकीत विचारतात. सरकारची नमो ड्रोन दीदी योजना आहे, ती वेगळी. त्यात गटांना शेतात फवारणी करणारे मोठे ड्रोन मिळतात, किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत अनुदान आणि 15 दिवसांचं प्रशिक्षण. ते शेतीचं अवजार आहे. त्याला सहलीला न्यायचा प्रश्नच नाही. पण "आधी नकाशा, मग उड्डाण" हे तिथेही तेच.

आता शेवटचं. परत मुंबईला उतरलो, पावती दाखवली, ड्रोन जसाच्या तसा हातात आला. काकींचा उदबत्तीचा पुडाही. गाडीत आम्ही सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, राहू दे." पण आम्हाला राहू द्यायचं नव्हतं. फेब्रुवारीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की अटी वाचायची जबाबदारी आमची होती, ती आम्ही पार पाडली नाही आणि गटाचे 27,500 रुपये धोक्यात घातले. सांगताना जड गेलं. कोणी रागावलं नाही. सासू एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी वाचून दाखवा. इंग्रजी आम्हाला येत नाही, ऐकायला तर येतं."

त्याच बैठकीत दोन ठराव झाले. एक, कोणत्याही प्रवासाच्या किंवा खरेदीच्या अटी बैठकीत मराठीत वाचून दाखवल्याशिवाय गटाचा पैसा द्यायचा नाही. दोन, गटाच्या कर्जातून घेतलेल्या कॅमेऱ्याने किंवा ड्रोनने चित्रीकरण करताना चौकटीत येणाऱ्या माणसांना आधी विचारायचं.

दुसऱ्या ठरावाची परीक्षा लगेच आली. मार्चमध्ये एका निवासाच्या जाहिरातीसाठी सुनेला व्हाळ आणि त्यापलीकडची पोफळीची बाग वरून घ्यायची होती. तिने नकाशा पाहिला, घरमालकाला विचारलं, आणि सकाळी ड्रोन पिशवीतच ठेवून व्हाळावर चालत गेली. बायका कपडे धूत होत्या. तिने विचारलं, "उडवू का?" त्यांच्यात ती सभासदही होती, जी महिनाभर व्हाळावर आली नव्हती. ती म्हणाली, "आज नको. उद्या दहानंतर ये, तेव्हा आम्ही नसतो." सून परत आली आणि दुसऱ्या दिवशी दहानंतर गेली. फुकट एक फेरी झाली. तिने ती मोजली नाही.

ती जाहिरात आम्ही पाहिली. पोफळीची बाग, व्हाळाचं पाणी आणि रिकामे धुण्याचे दगड. छान आली आहे. तिच्या पैशातून त्या महिन्याचा हप्ता वेळेवर आला.

तर डेकवरचा व्हिडिओ नाही, मैत्रिणींनो. आम्हा आठजणींचा एक साधा फोटो आहे, वेंगुर्ल्याच्या मुलाने आमच्या फोनवर काढलेला. काकी मधोमध, केस वाऱ्याने उडालेले. बैठकीला आलात की दाखवू.